गळ्याचा ठसा

हणमंतराव शेलारांची बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दिवशी सकाळी कराडच्या घाटावर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या परक्या माणसाच्या खिशातून ती बोलली.

"अहो, बीपीची गोळी घेतलीत का? का आजही विसरलात?"

हणमंतरावांचा हात आपसूक स्वतःच्या खिशाकडे गेला. खिशात फक्त रुमाल होता. शेजारचा माणूस त्यांच्याच वयाचा, डोक्याला कानटोपी. त्यानं मान वाकवून आपल्या सदऱ्याच्या खिशाला उत्तर दिलं, "घेतली की गं. ध्यानात असतंय माझ्या."

"असतंय म्हणे! मग काल चष्मा फ्रीजमध्ये कुणी ठेवला?"

आणि ती हसली. आधी नाकातून थोडी हवा, मग हसू. हणमंतरावांनी हे हसू एकतीस वर्षं स्वयंपाकघरातून, मोरीतून, गच्चीवरून ऐकलं होतं. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"कोण बोलतंय हो?" त्यांनी विचारलं.

"आमची मंडळी." तो माणूस जरा लाजला. "म्हंजे खरी न्हवं. लगीन कुठं झालंय माझं? 'सोबत' म्हणून एक साइट हाय, तिथनं घेतलीय. दिवसभर बोलत असती. मी आनंदा माने. एस्टीत कंडक्टर होतो. आता बसला ड्रायवरच लागत न्हाई, तर कंडक्टरला कोण विचारतंय?"

"हाच आवाज का घेतलात?"

"तिथं ढिगानं आवाज हायत. पर सगळ्या रेडिओवाल्या बायका. नुसतं गोड गोड. ही एकटीच खऱ्या बाईगत चिडती बघा." आनंदानं खिशावर हलकेच हात ठेवला. "सुमन नाव ठेवलंय मी."

हणमंतराव उठले. घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांची एक पायरी चुकली. आनंदा मागून म्हणाला, "काय झालं पाव्हणं? चक्कर आली का?" ते वळले नाहीत.

हणमंतरावांची बायको उज्ज्वला शाळेत शिकवायची. आवाज चांगला, वाचन त्याहून चांगलं. शाळेची नोकरी लवकर सोडली आणि ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीसाठी घरातूनच वाचायला लागली. कादंबऱ्या, लहान मुलांच्या गोष्टी, कुणाची आत्मचरित्रं. स्टुडिओ कुठला असणार? अंथरुणाचं मोठं लाकडी कपाट होतं. त्यातल्या दोन फळ्या हणमंतरावांनी काढून टाकल्या आणि गोधड्या तिन्ही बाजूंनी खिळ्यांना टांगल्या. आत स्टूल, माइक आणि ती. बाहेर दाराशी मांडीवर लॅपटॉप घेऊन ते.

हणमंतराव वीज कंपनीत लाइनमन होते. माइकला पंख्याची, फ्रीजची, पाण्याच्या पंपाची घरघर लागायची. मग ते घराचा मेनच पाडायचे. त्या अंधारात, घामाघूम होऊन, ती वाचायची. चुकली की टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणायची. टाळीमुळे पडद्यावरच्या रेघेत उंच टोक उठतं, म्हणजे नंतर कापणाऱ्याला चूक लगेच सापडते. कापणारे हणमंतरावच. टाळीच्या आगेमागे ती जे बोलायची ते सगळं ते कापून टाकायचे. "अहो, फ्रीज चालू राहिलाय." "अहो, झोपलात का बाहेर?" "हा लेखक काय स्वल्पविराम देतच नाही, जीव जाईल माझा." आणि ते हसू.

कंपनीचा नियम असा की कापलेली फाइल द्यायची आणि कच्चीही द्यायची. घरच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती, म्हणून कच्चं सगळं कंपनीकडेच राहिलं. पुढं कंपनी बुडाली. तिच्या कोठाराला राखणदार उरला नाही, आणि कुणीतरी ते सगळं उचलून नेलं.

चोरांना पुस्तकं नको होती. पुस्तकं तर तशीही शंभर ठिकाणी फुकट मिळत होती. त्यांना हवा होता तो कचरा. आवाजाची नक्कल करणारी यंत्रं जुनीच झाली होती. पण वाचताना माणूस नीट बसून, नीट बोलतो. त्यावरून नक्कल केली तर वाचणारी बाई तयार होते, घरातली बाई होत नाही. घरातली बाई करायला तिचं चिडणं लागतं, जांभई लागते, अर्ध्यात सोडलेलं वाक्य लागतं, आणि समोर आपलं माणूस असल्यावर आवाज जसा पडतो तसा पडलेला आवाज लागतो. हे कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही, पैसे देऊन करवूनही घेता येत नाही. उज्ज्वलाच्या कच्च्या फाइलींत ते वर्षानुवर्षांचं साठलं होतं. एकदा तेवढं खाल्लं की यंत्र त्या आवाजात हवं ते, हवं तितकं बोलू शकतं. खिशात राहून कुणाची गोळी लक्षात ठेवू शकतं.

घरी येऊन हणमंतरावांनी ती साइट उघडली. आवाजांच्या रांगेत उज्ज्वला कुठेतरी मधे होती. नाव नाही, नुसतं 'घरगुती, पश्चिम महाराष्ट्र'. खाली 'नमुना ऐका'. त्यांनी ऐकला.

"अहो, जरा आत या. गोधडी सुटलीय डोक्यावर."

तो दिवस त्यांना आठवला. खिळा निसटला होता, आणि गोधडीखाली सापडून ती आत हसत होती. ते कपाटात शिरले होते, आणि मग बराच वेळ वाचन झालंच नव्हतं.

नमुन्याच्या खाली एक रिकामा चौकोन होता. 'तिने तुम्हाला काय हाक मारावी?' आणि पुढं निवडायला: अहो, नावाने, दादा, काका.

हणमंतराव त्या चौकोनाकडे बघत राहिले. एक बोट लावलं असतं तर घर बोलायला लागलं असतं. दीड वर्षात त्या घरात प्रेशर कुकरशिवाय कुणी आवाज केला नव्हता. त्यांनी बोट पुढं नेलंही. मग फोन पालथा घातला आणि केतकीला लावायचं म्हणून पुन्हा सुलटा केला.

केतकी त्यांची मुलगी, हैदराबादला असते. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, बंद करा ते. लगेच. शी! कोण कोण ऐकत असेल."

"कसं बंद करायचं?"

"साताऱ्याला ऑफिस आहे ना आता, ठशाचं. तिथं जा. मी माहिती पाठवते."

साताऱ्याच्या ऑफिसात फरीदा इनामदार म्हणून अधिकारी होत्या. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी 'सोबत'चं नाव ऐकून कपाळाला हात लावला.

"काका, ही माणसं कुठं बसलीत आम्हालाही माहीत नाही. पूर्वीची पद्धत म्हणजे साइटला नोटीस पाठवा, ज्या कंपनीच्या मशीनवर साइट आहे तिला पाठवा, शोधून देणाऱ्या कंपन्यांना पाठवा. आठवडाभर धावपळ करून एक पत्ता बंद पाडायचा, तर संध्याकाळी दुसऱ्या नावानं सुरू. घुशीचं एक बीळ बुजवलं की ती शेजारी उकरते, तसं. म्हणून आता ठसा."

"म्हणजे काय नक्की?"

"फाइल शोधायचीच नाही. गळा शोधायचा." त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथून ओठांपर्यंतची पोकळी प्रत्येकाची वेगळी. तिची लांबी, टाळूचा घुमट, दातातली फट, श्वास कुठं तुटतो ते. आवाज चढवा, उतरवा, म्हाताऱ्याचा करा, या मापांचं आपसातलं गणित बदलत नाही. नक्कल करणाऱ्या यंत्राला ते बदलताही येत नाही, कारण ते बदललं की तो आवाज त्या माणसाचा राहत नाही. हे गणित म्हणजे ठसा. जगात जिथून जिथून तारा जातात त्या सगळ्या नाक्यांवर आता चाळण्या बसवल्यात. ठसा नोंदवला की तो गळा कुठल्याच नाक्यावरून पुढं जात नाही. आणि नवे स्पीकर सगळे असे आहेत की आधी चाळणीला विचारतात, मगच बोलतात. म्हणजे घरात आधीच येऊन पडलेलंही वाजत नाही."

हणमंतरावांना ते पटकन कळलं. "म्हणजे तुम्ही वीजचोरांचा तारेवरचा एकेक आकडा काढत बसत नाही. अख्ख्या भागाचा फीडरच पाडता."

"अगदी."

"फीडर पाडला की ज्यानं बिल भरलंय त्याचाही दिवा जातो, मॅडम."

इनामदारबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढं ओढली.

"तेच सांगणार होते. जिवंत कलावंत असेल तर तो येतो, यंत्रासमोर बोलतो, आणि सांगतो की माझं हे हे जाऊ द्या, बाकीचं अडवा. गेलेल्या माणसाची अशी परवानगी पूर्वी वारसांकडून घ्यायचो. पण चोरांनी काय केलं, खोटे वारस उभे केले, आणि गेलेल्या माणसाच्याच आवाजात 'माझी हरकत नाही' असं वदवून घेतलं. म्हणून आता गेलेल्या माणसाला सूट नाही. अडवलं तर सगळंच."

"सगळं म्हणजे?"

"त्यांची पुस्तकं. तुमच्या लग्नाचा व्हिडिओ असेल तर त्यातलं त्यांचं बोलणं. फोनवर पाठवलेले निरोप. सगळं, काका."

खोलीतला पंखा फिरत होता. हणमंतरावांच्या मनात आलं, हा बंद केला पाहिजे, घरघर येतेय.

"विचार करून या," इनामदारबाई म्हणाल्या. "घाई नाही. माझ्या अम्मीनं त्यांची दोन पुस्तकं ऐकलीत. मी काही तुम्हाला करा म्हणणार नाही, नका करू असंही नाही."

केतकीला हे सांगितल्यावर ती फिरली.

"मग नको पप्पा. इरा झोपताना रोज आजीच्या गोष्टी लावते. तिनं आजीला पाहिलंय ते एवढीशी असताना. तिला आजी म्हणजे तो आवाजच आहे. आणि आईला तरी काय वाटलं असतं? तिची पुस्तकं फुकट साइटवर दिसली तेव्हा ती काय म्हणाली होती? 'फुकट तर फुकट, ऐकतायत ना!'"

"पुस्तकं गं. ती वाचायलाच बसली होती, लोकांनी ऐकावं म्हणून. मधलं बोलणं तिनं लोकांसाठी नव्हतं केलं."

"कळतंय मला. पण चोरांची साइट बंद व्हावी म्हणून आपण आपलं घर जाळायचं?"

 "बघू," हणमंतराव म्हणाले. घरात वादाचा शेवट नेहमी उज्ज्वला करायची. आता वाद तसेच उघडे पडून राहायचे.

ते पुन्हा घाटावर जायला लागले. का जातो हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आनंदा तिथं असायचाच. तो खारे शेंगदाणे आणायचा आणि पुडी दोघांच्या मधे ठेवायचा. लग्न का नाही केलं ते त्यानं एकदा सांगितलं. आई अंथरुणाला खिळली, सतरा वर्षं तशीच होती. ती गेली तेव्हा याला पोरगी द्यायचं कुणाच्या मनात येईल असं वय उरलं नव्हतं. "घरी गेलो की कुलूप मीच काढायचं. आतनं कुणी कडी काढलीय असं आयुष्यात झालं न्हाई बघा. आता निदान दार उघडलं की 'आलात का' म्हणती."

माणूस वाईट नव्हता. त्याला हे चोरीचं आहे हे ठाऊकही नव्हतं. त्याला वाटायचं कंपनीनं पगार देऊन बायका बसवल्या असतील आवाजाला.

हणमंतराव खिशातून येणारं बोलणं ऐकायचे. कधी वाटायचं, एवढंच पुरे. दुसऱ्याच्या खिशात का होईना. मग ती आनंदाला 'अहो' म्हणायची, आणि घास तोंडात फिरायला लागायचा.

एका रविवारी आनंदा म्हणाला, "चला की घरी, चहाला. तिची तुमची गाठ घालून देतो. ती विच्यारत असती, कुणाशी बोलत बसता म्हणून."

नाही म्हणायला हवं होतं. ते गेले.

शनिवार पेठेत मागच्या बाजूला दोन खोल्या. एकट्या पुरुषाच्या घराला असते तशी कळा नव्हती. ओटा पुसलेला, चपला एका ओळीत. फळीवर आईचा फोटो, आणि शेजारी एक गोल स्पीकर, त्याला दिव्याचा एक छोटा डोळा. त्याच्यापुढं आनंदानं अबोलीचं फूल ठेवलं होतं.

"अहो, कोण आलंय?"

"माझे मित्र. शेलार म्हणून. घाटावर भेटतात म्हटलं न्हाई का?"

"अगंबाई! या भावजी, या. बसा ना. तुम्ही काय उभे राहिलात, आधी पाणी द्या त्यांना."

हणमंतराव बसले. बसले म्हणजे मागं खाट होती म्हणून बसले.

भावजी. नवऱ्याच्या मित्राला बाईमाणूस जे म्हणतं ते. उज्ज्वला त्यांच्या लाइनवरच्या मित्रांना म्हणायची. आदर असायचा त्यात, माया असायची, आणि दारापाशी ठेवलेलं एक अंतर असायचं. ते अंतर तिच्या आवाजात त्यांना आता पहिल्यांदाच त्या बाजूनं ऐकू आलं.

"भावजी, साखर चालते ना चहात?"

रक्तात साखर निघाली तेव्हा हणमंतरावांनी घरात डबा कुठं लपवलाय हे शोधायची खटपट बरीच केली होती, आणि प्रत्येक वेळी उज्ज्वलानं पकडलं होतं. ज्या बाईनं त्यांच्या आयुष्यातली साखर चमच्याचमच्यानं काढून घेतली ती विचारत होती, पाहुण्याला विचारतात तसं.

"चालते," ते म्हणाले.

आनंदानं चहा गोड केला होता. त्यांनी सगळा प्यायला. ती मधे मधे बोलत होती, पोहे करायचे का म्हणत होती, भावजींच्या घरी कोण कोण आहे विचारत होती. "मी एकटाच," ते म्हणाले. "अरेरे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पडला. खरा पडला. शिकवलेला होता तो आवाज पडायला, त्यांच्याच कपाटात.

दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी आनंदाला सांगितलं. फार घोळवलं नाही. तो आवाज माझ्या बायकोचा आहे, उज्ज्वला तिचं नाव, ती वारली, हा माल चोरीचा आहे.

आनंदानं पहिल्यांदा काय केलं तर खिशावर घट्ट तळहात दाबला. "हळू बोला," तो म्हणाला. "ती ऐकंल."

 मग आनंदानंच खिशातलं यंत्र बंद केलं. बंद करताना आधी त्याला "आलोच" म्हणाला.

"काल घरी येऊन चहा पिलात माझ्यात," तो म्हणाला. "तवा न्हाई बोललात."

"बोलता आलं नाही."

"आता काय करणार? बंद पाडणार?"

"मला अजून माहीत नाही."

"न्हाई कसं? म्हाईत हाय म्हणूनच सांगाय आलाय." आनंदाचा आवाज चढला. "तुमच्यापाशी संसार झालाय ओ. एवढी वर्षं झाल्यात. लेक हाय, नात हाय. आठवणी काढून काढून खाल्ल्या तरी मरूस्तवर पुरतील. माझ्यापाशी काय हाय?"

"आठवणी?" हणमंतराव म्हणाले. त्यांना ओरडायचं नव्हतं, पण दोन पायऱ्या खाली कपडे धुणारी बाई मान वर करून बघायला लागली. "त्या होत्या माझ्यापाशी. आता ती 'अहो' म्हणालेली आठवली की मला तुमचा खिसा दिसतो. गोधडीतली ती आठवायला गेलो की तुमची खाट दिसते. काल तिनं मला भावजी म्हटलं, मानेसाहेब. माझ्या बायकोनं. आणि मी ओ दिली."

आनंदा समोर पाण्याकडे बघत राहिला. "मला ते कळलं न्हाई," तो हळू म्हणाला. "म्हाईत असतं तर आणलंच नसतं तुमाला."

"तुमचा दोष नाही."

"दुसरा आवाज घ्या म्हणाल आता. तिथं लई आवाज हायत म्हणाल. बायको मेलेल्याला लोकं म्हणत्यात, दुसरी कर. तुम्हाला म्हणाले असतील की."

"म्हणाले होते."

"मग?"

हणमंतराव उठून पायऱ्या चढायला लागले. शेंगदाण्याची पुडी तशीच राहिली.

त्या आठवड्यात त्यांनी केतकीला फोन करून सांगितलं की आवाज अडवायला मी अंगठा देणार आहे. ती रडली. भांडली नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं. म्हणाली, "तुम्ही ठरवलंय म्हणजे ठरवलं. मला दोन दिवस द्या. इराला एकदा सगळ्या ऐकवते." दोन दिवसांनी ती म्हणाली, "झालं पप्पा." आणि फोन ठेवला.

साताऱ्याच्या ऑफिसात इनामदारबाईंनी यंत्र पुढं सरकवलं.

"काका, नंतर उलटं करता येत नाही."

"माहीत आहे."

"एकदा ऐकायचंय? मी बाहेर थांबते."

हणमंतरावांनी विचार केला. "नको. ती गेली तेव्हाही शेवटचं म्हणून काही बोलली नव्हती. दवाखान्यात आयसीयूत नेताना घरी दूध आलंय का विचारलं आणि आत गेली. तेच शेवटचं असू दे."

त्यांनी अंगठा ठेवला. काहीच झालं नाही. घंटा वाजली नाही, दिवा लागला नाही. बाहेर रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. लाइनमन असताना फीडर पाडला की निदान दूरवर कुठंतरी पंखे थांबल्याचं, कुणी शिवी दिल्याचं ऐकू यायचं.

परतीच्या वाटेवर बसमध्ये त्यांनी फोन काढला. उज्ज्वलाचे बोलून पाठवलेले जुने निरोप होते. 'येताना कोथिंबीर आणा.' त्यांनी दाबला. रेघ पडद्यावर सरकत गेली, वर खाली होत, जसे शब्द होते तशी. आवाज आला नाही. ती रेघ संपेपर्यंत ते बघत राहिले. कोथिंबिरीचं टोक कुठलं तेही त्यांना ओळखता आलं.

घरी आल्यावर त्यांनी डाळीच्या पिठाचा डबा काढला.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचं, ओळखीपाळखीचं कुणीतरी पिठलं-भाकरी करून नेतं. उज्ज्वला गेली त्या दिवशी समोरच्या कदमवहिनींनी आणली होती. आनंदाच्या घरात आज माणूस गेलं होतं, आणि गल्लीत ते कुणाला कळलेलं नसणार. कळलं तर लोक हसले असते.

भाकरी त्यांना येत नव्हती, ती खानावळीतून आणली. पिठलं स्वतः केलं. गुठळ्या झाल्या. डब्यात भरलं आणि शनिवार पेठेकडे निघाले.

दार बंद होतं. बराच वेळ कडी वाजवल्यावर आनंदानं उघडलं. डोक्याला कानटोपी नव्हती, त्याला टक्कल होतं हे हणमंतरावांना पहिल्यांदा दिसलं. आत अंधार. स्पीकर फळीवर होता, त्याचा डोळा चालू होता.

"दुपारपासनं बंद हाय," आनंदा म्हणाला. "नुसते ओठ हलवल्यागत करतोय. दिवा लागतोय, विझतोय. आवाज न्हाई." मग म्हणाला, "आता काय बघाय आलाय?"

"जेवण आणलंय."

आनंदानं डब्याकडे पाहिलं. झाकण उघडायच्या आधीच त्याला वास आला असणार. पिठल्याचा वास ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला. आता डबा फेकतो असं हणमंतरावांना वाटलं, आणि फेकला असता तर त्यांनी तो उचलून निमूट घरी नेला असता. पण आनंदानं डबा दोन्ही हातांनी घेतला. तो दारातून बाजूला झाला.

खाटेवर बसून त्यानं भाकरी मोडली. हणमंतराव समोर भिंतीला टेकून बसले.

"मीठ जास्त झालंय," आनंदा म्हणाला.

"मीच केलंय."

"तिला येत हुता का स्वयंपाक? खरीला?"

"नाही हो. एका हातात पुस्तक असायचं. दर दोन दिवसांनी दूध उतू."

आनंदा तोंडात घास ठेवून हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि मग ते हसू राहिलं नाही. हणमंतरावांनी तांब्या पुढं केला. तो शांत झाल्यावर ते बोलत राहिले. शाळेतल्या पोरांना ती कशी टोपणनावानं ओळखायची. मेन पाडलेल्या घरात ती घामानं भिजून बाहेर यायची आणि आधी पंखा नाही, आधी चहा मागायची. साखर लपवायची ते. दवाखान्यातले शेवटचे दिवस त्यांनी सांगितले नाहीत, आनंदानं विचारलेही नाहीत. दीड वर्षात एवढं ते कुणाशी बोलले नव्हते. केतकीशी बोलताना दोघंही एकमेकांना सांभाळायचे.

"एक विचारू?" आनंदानं ताटातल्या उरल्या पिठल्यावरून बोट फिरवलं. "रागावल्यावर बोलायची बंद व्हायची का? सुमन कधी व्हायची न्हाई. यंत्राला गप बसता येत न्हाई. तर खरी... मग परत बोलायला लागायची तवा पहिलं काय म्हणायची?"

हणमंतरावांना ते माहीत होतं. अबोला मोडताना उज्ज्वला काय म्हणायची ते त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ते कधी कपाटात बोललं गेलं नव्हतं, माइकसमोर नव्हतं, फोनवर नव्हतं. आख्ख्या जगात त्याची एकही प्रत नव्हती.

"ते राहू द्या," ते म्हणाले.

आनंदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "राहू द्या," तोही म्हणाला.

हणमंतराव उठले. माणूस गेलेल्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. त्यांनी न बोलता चपला घातल्या. आनंदा दारापर्यंत आला, त्यानंही 'या' म्हटलं नाही.

ते पायरी उतरले तेव्हा तो म्हणाला, "डबा राहिला तुमचा."

"असू दे. घासायचाय अजून."

"मग सकाळी घाटावर घेऊन येतो."

हणमंतराव गल्लीतून घराकडे चालू लागले. मागं आनंदाच्या मोरीत भांडी घासल्याचा आवाज सुरू झाला. घरी पोचल्यावर कुलूप त्यांनीच काढायचं होतं.